चुना शिकायचा असेल तर जा, पैसे जोडायचे असतील तर नको

आधी निकाल सांगते, मग कारणं. शिकायला मिळतं त्याला पाचपैकी पाच. जेवणाला साडेचार, राहण्याला दोन. पैशांच्या व्यवहाराला दीड. जाहिरातीला शून्य. यांची सरासरी काढत बसू नका. ज्याला शिकायचंय त्याला शेवटचे तीन आकडे चालतात, आणि ज्याला चालत नाहीत त्याने तिकडे फिरकू नये.

ही इंटर्नशिप जुन्या वास्तूंच्या जतनाची आहे. चाळीसगावच्या दक्षिणेला, सातमाळ्याच्या पायथ्याशी एक गढी आहे, तिच्याबाहेर बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आणि बारवेच्या काठावर एक पडकं देऊळ. एक संस्था करारावर हा सगळा परिसर सांभाळते आणि दर हिवाळ्यात पाच-सात मुलं-मुली शिकायला घेते. संस्थेचं आणि गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. खाली पैशांची तक्रार आहे, आणि नाव लिहिलं की त्या तक्रारीचा त्रास साइटवर राबणाऱ्यांना होतो, कार्यालयात बसणाऱ्यांना नाही. त्या भागात कुणालाही विचारलंत तर दोन मिनिटांत पत्ता लागेल.

माझ्याबद्दल एवढंच की मी धुळ्याला सिव्हिलचा डिप्लोमा केलाय आणि माझे वडील शिरपूरकडे ठेकेदार आहेत. बंगले, शाळेच्या खोल्या, कंपाउंड वॉल. आमच्या घरात भिंत म्हणजे सिमेंट, आणि पावसाळ्यात गळलं की त्यावर अजून सिमेंट. ही माहिती पुढे उपयोगाची आहे म्हणून सांगितली.

जाहिरातीत ड्रोनमधून काढलेला गढीचा फोटो होता, मागे सूर्य मावळतोय, आणि 'पुनरुज्जीवन' हा शब्द दोनदा. प्रत्यक्षात तुम्ही काहीही पुनरुज्जीवित करत नाही. पहिले कित्येक दिवस तुम्ही भिंतीला हातही लावत नाही. तुमच्या हातात रजिस्टर, टेप आणि खडू असतो. प्रत्येक खोलीला अक्षर, प्रत्येक भिंतीला आकडा, आणि भिंतीच्या प्रत्येक चौकोनात काय आहे ते लिहायचं: तडा, फुगवटा, लोणा (भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार), उगवलेलं झाड, कुणीतरी ठोकलेला खिळा, जुन्या रंगाचे पापुद्रे. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी हवीच आणि उत्तर दिशा कुठे ते दाखवणारा बाण हवा. बाण विसरला की साइटवर आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम फोटो परत काढायला पाठवायच्या, दुपारच्या उन्हात. आमच्याबरोबर पुण्याची एक आर्किटेक्चरची मुलगी होती, तिला हे सगळं माहीत होतं. नंदुरबारकडचा एक मुलगा पुरातत्त्वात एमए करत होता, त्याला वाचून माहीत होतं. मला काहीच माहीत नव्हतं, पण टेप धरायची सवय या दोघांपेक्षा मला जास्त.

गिलावा ठोकून बघायचं काम मला सगळ्यात आवडलं. बोटाचं पेर किंवा लाकडाची छोटी हातोडी घेऊन भिंतीवर हळूहळू टकटक करत जायचं. गिलावा भिंतीला धरून असेल तर आवाज बसका येतो. मागे सुटलेला असेल तर पोकळ. पोकळ जागेच्या भोवती खडूने रेघ मारायची. एका खोलीत तासभर ठोकत गेलं की भिंतीवर नकाशा तयार होतो: ही बेटं सुटलेली, हे धरलेलं. दोन दिवसांनी दुसऱ्याने तीच भिंत आधीचा नकाशा न बघता ठोकायची आणि दोन्ही नकाशे जुळवायचे. आमचे पहिले नकाशे अजिबात जुळले नव्हते. शेवटचे जवळजवळ एक आले.

तड्यांवर काचेच्या पट्ट्या बसवतात, तेही तिथेच पाहिलं. पातळ काचेची बोटभर पट्टी तड्याच्या दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवायची आणि शेजारी तारीख लिहायची. भिंत अजून हलत असेल तर काच तडकते. हलत नसेल तर तडा जुना, त्याला घाबरायचं कारण नाही. कॉलेजात तीन वर्षं बीम आणि स्लॅबची गणितं केली, पण रुपयाभराच्या काचेने भिंतीला प्रश्न विचारता येतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता गढीबद्दल. खान्देशातल्या कितीतरी गढ्यांसारखीच ही पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या, मातीची आहे. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर चढत जाताना निमुळती होणारी मातीची जाड भिंत, चार बुरूज, त्यातले दोन बसलेले. आत वाडा, सागाचे खांब, खांबांवर तुळया पेलणारी नक्षीची हस्तं, आणि वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. धाब्याची घरं आपल्याकडे अजून आहेत, पण ती बांधणारे संपत चाललेत. लाकडी तुळया, त्यांवर किलच, म्हणजे लाकडी पट्ट्या, त्यावर पाला-काटक्या, त्यावर मातीचा थर, आणि पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी खारी माती टाकायची. ही 'दरवर्षी' फार महत्त्वाची. गढीतली माणसं शहरात गेली, दरवर्षी कोण चढणार वर?

मध्यंतरी कधीतरी कुणीतरी गढीची 'दुरुस्ती' केली होती. आतल्या भिंतींना खालून कमरेएवढ्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा. दिसायला गुळगुळीत. त्या सिमेंटच्या वरच्या कडेपासून पुढे हातभर पांढरा लोणा फुटलेला. सिमेंटचा एक तुकडा छिन्नीने सोडवायला मला दिला. ते अवघड असेल असं वाटलं होतं, पण मी दोन-तीन ठोके दिले आणि परातीएवढा तुकडा अख्खा सुटून हातात आला. त्याच्या मागची भिंत म्हणजे नुसता भुगा. मी तिथे बोट लावलं, बोट आत गेलं.

तेव्हा आण्णा मागे उभे होते. आण्णा म्हणजे साइटवरचे म्हातारे गवंडी. सिमेंटकडे बघून ते काहीच बोलले नाहीत, वर धाब्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "पानी कथाईन ई राह्यनं ते पह्यले देख." म्हणजे, पाणी कुठून येतंय ते आधी बघ. या इंटर्नशिपचा सगळा अभ्यासक्रम या एका वाक्यात बसतो. पुढचे सगळे दिवस आम्ही पाण्याच्या मागे होतो. पाऊस नसताना पाणी कसं शोधायचं? टाकीतून पाइप लावून धाब्यावर थोडं थोडं पाणी सोडायचं आणि खाली टॉर्च घेऊन बसायचं. कुठल्या तुळईशी ओल येते, किती वेळाने येते, ते रजिस्टरात लिहायचं. मग बाहेर जाऊन जोत्याला फेरी. एके ठिकाणी गावाच्या रस्त्याचं काँक्रीट गढीच्या जोत्यापेक्षा उंच झालं होतं आणि रस्त्याचं पाणी सरळ भिंतीच्या पायात येत होतं. 'पुनरुज्जीवना'च्या नावाखाली आमचं पहिलं प्रत्यक्ष बांधकाम काय, तर एक चर! जोत्याच्या बाजूने, उताराने, बारवेपासून लांब जाणारी, दगड लावलेली चर. फोटोत ती दिसतसुद्धा नाही.

सिमेंटचं नेमकं काय होतं ते मॅडमनी फळ्यावर काढून दाखवलं. जुन्या भिंतीत ओल शिरतेच, ती शून्यावर येत नाही. माती किंवा चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल पृष्ठभागावर येऊन वाळून जाते. सिमेंट तिला बाहेर पडू देत नाही, म्हणून ती आतल्या आत वर चढते. पाण्याबरोबर आलेले क्षार सिमेंटच्या मागे वाळून त्यांचे स्फटिक होतात, आणि स्फटिक फुगताना माती आणि वीट फोडतात. म्हणजे गिलावा टिकतो आणि भिंत मरते. घरी फोनवर हे वडिलांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, आपल्या सगळ्या भिंती विटा-सिमेंटच्या आहेत, त्यांना काही होत नाही. बरोबरच आहे. त्यांच्या भिंतींना नाही होत. प्रश्न जुन्या भिंतीवर नवं लावण्याचा आहे.

चुन्याकडे येते, कारण बरेच जण त्यासाठीच जातात.

आपला सगळा भाग काळ्या दगडाचा. तरी जुन्या काळी चुना इथेच व्हायचा, काळ्या जमिनीत आणि नदीकाठच्या दरडींत जे चुनखडीचे खडे मिळतात ते भट्टीत भाजून. त्या भट्ट्या गेल्या. आता साइटवर कळीचा, म्हणजे भाजलेला पण न विझवलेला, चुना राजस्थानातून येतो, गोण्यांत. तो विझवण्याचं काम डोळ्यांवर गॉगल लावल्याशिवाय कुणालाच करू देत नाहीत, आणि हे चांगलं आहे. पाण्यात कळी टाकली की थोडा वेळ काहीच होत नाही. मग एकदम खदखदायला लागतं, वाफ येते, ठिणगीसारखे शिंतोडे उडतात. विझलेला चुना चाळून हौदात पाण्याखाली ठेवतात. जितका जुना तितका लोण्यासारखा. आम्ही वापरला तो आधीच्या तुकडीने विझवलेला होता. आम्ही विझवलेला पुढची तुकडी वापरेल.

चुना मळायची घाणीही आहे. दगडी चाक, गोल चर, बैल गावातून भाड्याने. बैल रोज मिळत नाही, त्या दिवशी विजेच्या मिक्सरवर काम चालतं, आणि मॅडमना त्याची लाज वाटत नाही हे मला आवडलं. चुना, वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. सुरखीमुळे चुना ओलीतही धरतो, म्हणून बारवेकडच्या कामाला ती जास्त. हिरडा भिजवलेलं पाणी, गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, गिलाव्यात तागाचे कातरलेले धागे. यातलं काय कशासाठी, किती, कधी, यावर रोज वाद व्हायचे. गूळ घातला की मुंग्या येतात हे एकमताने सिद्ध झालं.

आण्णांना प्रमाण विचारलं की ते वैतागत. ते मुठीने आणि ओंजळीने घालायचे, मग थापीवर थोडा माल घ्यायचे आणि थापी उलटी करायचे. माल थापीला धरून राहिला पाहिजे, आणि हलका झटका दिला की एका लगद्यात सुटला पाहिजे. चिकटून राहिला तर चुना जास्त, तुकड्यांनी पडला तर वाळू जास्त. पुण्याची मुलगी म्हणाली, हे लिहायचं कसं? तेव्हा मॅडमनी एक युक्ती केली. आण्णांना सांगितलं, तुम्ही तुमच्या हाताने घाला. आणि आण्णांनी ओंजळ भरली की ती घमेल्यात जाण्याआधी डब्यात ओतून मोजायची. असं सकाळभर चाललं. आण्णा हसत होते, आधी रागावले, मग पुन्हा हसले. शेवटी डब्यांचे आकडे बघितले तर त्यांच्या ओंजळीचं प्रमाण प्रत्येक वेळी जवळपास तेच. माझ्या डोक्यात तो दिवस सगळ्यात पक्का बसलाय. ते पान रजिस्टरात आहे, आण्णांच्या नावाने. पण ते फक्त रजिस्टरातच आहे, आणि माझी खरी तक्रार इथे सुरू होते.

जाहिरातीत 'तज्ज्ञ मार्गदर्शक' म्हणून पाच-सहा नावं आहेत. त्यातले काही आले, स्लाइड दाखवल्या, जेवले, गेले. एक-दोन व्याख्यानं खरोखर चांगली झाली, कायद्यावरचं तर फारच. पण ज्यांच्याकडून आम्ही शिकलो ते आण्णा त्या यादीत नाहीत. त्यांना रोजंदारी मिळते. काम नसेल त्या दिवशी नाही. प्रमाणपत्रावर सही आहे एका पाहुण्याची, ज्यांनी माझं काम कधी पाहिलेलं नाही. पितळखोऱ्याची लेणी बघायला गेलो होतो तेव्हा हे मला फारच लागलं. पितळखोरं आता जिल्ह्याने छत्रपती संभाजीनगरात, पण जायला चाळीसगाव जवळ. तिथल्या उत्खननात एक यक्षाची मूर्ती मिळाली, ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुटका, पोट सुटलेला, हसरा यक्ष. त्याच्या हातावर कोरलंय की हा कान्हदास नावाच्या सोनाराने केला. दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर कोरणाऱ्यांना कारागिराचं नाव लिहावंसं वाटलं, आणि आपल्याला छापील प्रमाणपत्रावर एक ओळ वाढवायला जड जातं? मी हे शेवटच्या दिवशी फीडबॅकच्या फॉर्ममध्ये लिहून दिलंय. काही झालं तर कळवतील म्हणाले.

फिरायला नेतात तो भाग मात्र मनापासून चांगला. पाटणादेवीला, म्हणजे चाळीसगावजवळच्या पाटणच्या जुन्या देवळांकडे, गेलो, एकदा नाही, बऱ्याचदा, कारण जवळच आहे. तिथे आपल्याला भिंतीला हात लावू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकांना 1958 चा कायदा लागू आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घेऊनच. आमची गढी खासगी आणि कुठल्याच यादीत नाही, म्हणून आम्हाला तिथे काम करता आलं. म्हणजे शिकायला सोय, आणि गढीच्या दृष्टीने गैरसोय, कारण उद्या मालकांनी जेसीबी लावला तर विचारणारं कुणी नाही.

पाटणचं देऊळ आम्ही कागदावर काढलं. चुना नाही, सिमेंट नाही, काळ्या दगडाचे घडवलेले चिरे एकमेकांवर बसवलेले. सांधा शोधायला नख लावावं लागतं. पण मला जास्त धरून ठेवलं ते शिलालेखाने. शके 1128 चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या राजाने त्याला देणगी दिली, असा तो लेख. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. त्यातला काही मजकूर जुन्या मराठीत आहे, आणि त्यात काय लिहिलंय? पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावरचा जो कर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळायचा तो मठाला. म्हणजे गणित शिकवायचा खर्च बाजाराने उचलायचा. आठशे वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्या पैशांची सोय दगडावर लिहून ठेवली होती. आमच्या विद्यावेतनाची तारीख व्हॉट्सअॅपवरसुद्धा लिहून मिळत नव्हती.

याच पाटण्याच्या परिसरात उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघा कोरलेलं कवच मिळालंय, सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीचं. खान्देशात शहामृग! नंदुरबारच्या मुलाने हे सांगितलं तेव्हा मी त्याला खोटारडा म्हटलं होतं. त्याने पुस्तक आणून दाखवलं. एक दिवस धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळातही नेलं. इतिहासाचार्य राजवाडे 1926 मध्ये गेले ते धुळ्यातच, आणि मी त्या गावात तीन वर्षं शिकून त्या इमारतीत पहिल्यांदा पाय ठेवला. 1880 चं खान्देशचं गॅझेटियरही आम्हाला चाळायला दिलं. त्यात घरं कशाची बांधतात, लाकूड कुठून आणतात, हे इतकं बारकाईने आहे की मी साइटवर परत येऊन खांब नव्याने बघितले.

आता राहण्याचं. मुलींना गावातल्या जुन्या शिक्षक-निवासात दोन खोल्या. पंखा आहे, वीज असेल तेव्हा फिरतो. पाणी टँकरचं, संडास बाहेर. मोबाइलला रेंज गढीच्या एका बुरजावर, आणि अंधार पडल्यावर बुरजावर जायला बंदी, कारण गौताळ्याचं जंगल लागूनच आहे आणि बिबट्या येतो. गावात कुणालाही विचारा, त्याने परवाच पाहिलेला असतो. दगडांच्या ढिगात विंचू असतात, बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत. सरकारी दवाखाना लांब आहे आणि संस्थेची गाडी दिवसभर साइटवर नसते. मुलीला पाठवणाऱ्या आईवडिलांनी हा प्रश्न आधी विचारावा. आमच्या वेळी काही झालं नाही, पण काही झालं असतं तर काय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

जेवणाला मात्र नावं ठेवणार नाही. मेसच्या मावशी गावातल्याच. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, डुबुकवड्यांचं कालवण, बाजाराच्या दिवशी शेवभाजी, आणि हिवाळा होता तोवर भरीत. पुण्याच्या मुलीच्या डोळ्यांतून पहिल्या दिवशी पाणी आलं आणि शेवटी ती डबा भरून शेव घेऊन गेली. "जेवाले चाल वं माय" अशी हाक आली की हातातली थापी ठेवायची. मावशींना उशीर चालत नाही.

पैसे. विद्यावेतन महिना 8,000 रुपये. त्यातून मेसचे 3,000 कापतात, खोलीचं भाडं नाही. उरलेले वेळेवर मिळाले असते तर तक्रार नव्हती. पहिल्या महिन्याचे दुसऱ्याच्या शेवटी, आणि नंतरचे सगळे परत आल्यावर, तेही तीन-चार फोन केल्यावर. कारण दरवेळी एकच: वरून आलेले नाहीत. माझं घर तासा-दोन तासांवर, वडील कमावते, म्हणून मला निभावलं. ज्याला घरी पैसे पाठवायचेत त्याने यावर विसंबू नये. याचा अर्थ असा होतो की अशा कामाला तीच मुलं येऊ शकतात ज्यांचं घर त्यांना पोसू शकतं. आण्णांचा नातू बारावी झालाय, हुशार आहे, चुन्यात हात बसलेला आहे. तो पुण्याजवळ कंपनीत लागला. त्याचं चुकलं असं कोण म्हणेल?

हंगामाचंही एक सांगते. तुकडी हिवाळा सरताना घेतात आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी सोडतात, कारण आखाजीला मजूर काम सोडून घरी जातात. हे चुन्याला सोयीचं नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश दगड होतो, आणि तेवढा वेळ त्यात ओल टिकली पाहिजे. आपल्याकडे मार्चच्या दुपारी गिलावा धरण्याआधीच वाळतो आणि त्याला केसासारखे तडे जातात. मग सकाळी उजाडताच काम, दहाला बंद, भिंतीवर ओली गोणपाटं, दिवसभर शिंपडणं. मी एकदा लवकर दुसरा थर द्यायला निघाले तर आण्णांनी हात धरला. "घाई करू नको, चुना जित्ता शे." पटतं, पण मग तुकडी दिवाळी झाल्याबरोबर का घेत नाहीत? निधीचं वर्ष आडवं येतं म्हणे.

वडील एकदा बघायला आले. गढीत फिरले, चर बघितली, त्यावर मान हलवली. गिलाव्याकडे बघून पहिला प्रश्न, "परवडस का हाई?" मॅडमनी प्रामाणिकपणे सांगितलं की मजुरी धरली तर सिमेंटपेक्षा महाग जातं आणि वेळ कितीतरी जास्त. वडील म्हणाले, मग दहा गिऱ्हाइकांत एक मिळेल. जाताना मात्र आण्णांचा नंबर घेतला. आजोबांच्या घराचं धाबं गळतंय, त्यावर पत्रे टाकायचं ठरलं होतं. अजून टाकलेले नाहीत.

नोकरी लागते का, हे सगळे विचारतात. संस्था तसं वचन देत नाही आणि देत असती तरी मी विश्वास ठेवला नसता. वारसा जतनात पुढे शिकायचं असेल तर इथलं रजिस्टर दाखवायला जबरदस्त आहे. ते स्वतःचं असतं, स्वतःच्या हातचं, त्याची प्रत घेऊ देतात. ठेकेदारीत परत यायचं असेल तर पाण्याचा माग काढण्याची सवय उपयोगी पडते. गावोगावी देवळांचे जीर्णोद्धार चाललेत, कोरीव दगडावर ऑइलपेंट आणि गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल. तिथे कुणी मला बोलावेल का माहीत नाही, पण आता मी बोलावलं नसताना बोलते, आणि दोन ठिकाणी शिव्याही खाल्ल्यात.

ज्यांना जायचंच आहे त्यांच्यासाठी: अर्ज दिवाळीनंतर निघतात. टोपी, पॉवर बँक, बंद बूट आणि चष्मा असेल तर दुसरा चष्मा न्या, कारण पहिल्यावर चुना उडतो. हातमोजे तिथले पातळ असतात, स्वतःचे न्या. चुन्याने बोटांना चिरा पडतात, रात्री खोबरेल तेल चोळायचं. विद्यावेतन कुठल्या तारखेला आणि दवाखान्यात कोण नेणार, ही दोन उत्तरं जाण्याआधी लेखी मागा. आणि यंदा आण्णा कामावर आहेत का तेही विचारा. नसतील तर ते असतील त्या वर्षी जा.